स्लॅलमची बोट कुणाच्या मालकीची?

२०२८चं ऑलिंपिक लॉस एंजेलिसला आहे, पण कॅनो स्लॅलमच्या, म्हणजे उसळत्या पाण्यातल्या छोट्या बोटींच्या, शर्यती तिथे होणार नाहीत. त्या होतील ओक्लाहोमा सिटीत, जवळपास दोन हजार किलोमीटर दूर. लॉस एंजेलिसकडे स्लॅलमचा तयार मार्ग नाही, ओक्लाहोमाकडे आहे. पंधरवड्याच्या सोहळ्यासाठी नवा मार्ग बांधण्यात पैसे घालायचे नाहीत, असं आयोजकांनी ठरवलं. ही बातमी वाचून आपल्याकडचा एखादा क्रीडा अधिकारी सुस्कारा सोडेल. अमेरिकेला जे परवडत नाही ते आपल्याला कुठून परवडणार? फाइल बंद.

माझ्या मते ती फाइल उघडून पुन्हा वाचायला हवी. लॉस एंजेलिसने जो खर्च टाळला तो खेळाचा नव्हता, नकली नदीचा होता. आणि खरी नदी, कोलाडची कुंडलिका, तीही बारमाही, पुण्या-मुंबईपासून तीन-चार तासांवर आपल्या दारात वाहते आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उसळत्या पाण्यावर तारा ताणतात आणि तारांना खांबांच्या जोड्या टांगतात. एका जोडीला गेट म्हणतात. हिरव्या-पांढऱ्या गेटमधून प्रवाहाबरोबर उतरायचं, लाल-पांढऱ्या गेटमधून प्रवाहाविरुद्ध वर चढायचं. जास्तीत जास्त २५ गेट, त्यातली किमान सहा उलटी. खांबाला नुसता स्पर्श झाला तरी दोन सेकंदांचा दंड, गेट चुकलं तर थेट पन्नास सेकंद. कयाकमध्ये बसून दोन पात्यांचं वल्हं चालवतात, कॅनोमध्ये गुडघे टेकून एका पात्याचं. साधारण दीड मिनिटात सगळा निकाल लागतो. त्या दीड मिनिटात हातांची ताकद लागते हे खरं, पण त्याआधी पाणी ओळखता यावं लागतं. खडकामागे पाणी कुठे उलटं फिरतं, लाट कुठे बोट ढकलते, कुठे गिळते, कुठे नुसतं कमरेतून झुकलं तरी काम होतं. हे पुस्तकातून येत नाही आणि तळ्यात वल्ही मारूनही येत नाही. वाहत्या पाण्यात तासन् तास घालवूनच येतं. या खेळाची खरी किंमत म्हणजे हे तास.

बोटीची किंमत आधी बोलून टाकू, कारण सगळ्यांच्या नजरेत तीच भरते. स्पर्धेची नवी कार्बनची बोट युरोपात दीड ते अडीच हजार युरोंच्या घरात जाते. वल्हं, हेल्मेट, लाइफ जॅकेट, कमरेला बांधायचा स्कर्ट हे सगळं वेगळं. आपल्याकडे त्यावर जहाजाचं भाडं आणि आयातशुल्क चढतं. साडेतीन मीटर लांबीची नाजूक वस्तू कुरियरने येत नाही. त्यात नियमही अधूनमधून बदलतात. २००५ साली बोटीची किमान लांबी चार मीटरवरून साडेतीन मीटरवर आणली. आखूड बोट चटकन वळते, त्यामुळे चार मीटरवाल्यांच्या चांगल्या धडधाकट बोटी एका हंगामात जुन्या झाल्या. श्रीमंत संघांनी नव्या घेतल्या. बाकीच्यांचं काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको.

पण बोट हा एकदाचा खर्च आहे आणि ती दहा जणांत वाटता येते. पाण्याचा खर्च रोजचा असतो.

लंडनने २०१२च्या ऑलिंपिकसाठी ली व्हॅलीला कृत्रिम मार्ग बांधला. तीन कोटी दहा लाख पौंड लागले. प्रचंड पंप पाणी वर चढवतात, ते उतारावरून खाली येतं, पुन्हा वर चढवतात. वीज चालू तोवर नदी. लंडनकरांनी निदान शहाणपण दाखवलं. खेळाआधीच लोकांसाठी तिकीट लावून राफ्टिंग सुरू केलं आणि आजही केंद्र चालतंय. अथेन्सने २००४ साठी हेलिनिकोला चक्क खाऱ्या पाण्याचा मार्ग केला. खेळ संपले, पंप थांबले, आणि त्या मार्गाचे ओसाड फोटो नंतर जगभर फिरले. ‘ऑलिंपिकनंतर काय उरतं’ या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते फोटो लागतात.

आता दुसरी यादी पाहा. जर्मनीतल्या ऑग्सबुर्गचा आइसकनाल. १९७२ साली स्लॅलम पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला तो इथेच. लेख नदीचं पाणी पाटातून येतं, मार्गातून धावतं आणि पुढे निघून जातं. पंप नाही. पन्नास वर्षांनंतरही तिथे मुलं सराव करतात, आणि ऑग्सबुर्गच्या जुन्या जलव्यवस्थेचा भाग म्हणून तो मार्ग २०१९ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ होम पिअरपॉइंटला ट्रेंट नदीच्या बंधाऱ्याची पातळी वापरलीय. स्लोव्हेनियात टात्सेनला सावा नदीवरच्या धरणाच्या पायथ्याशी मार्ग आहे. स्लोव्हाकियात चुनोवोला डॅन्यूबवरच्या बंधाऱ्याचं पाणी १९९६पासून वापरतात.

स्लोव्हाकियापाशी जरा थांबू. लोकसंख्या पन्नास-पंचावन्न लाख, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून कमी. स्वतंत्र देश म्हणून आजवर उन्हाळी ऑलिंपिकमध्ये दहा सुवर्णपदकं मिळवली, त्यातली आठ एकट्या स्लॅलममध्ये. मिखाल मार्तिकानची दोन, होख्शोर्नर या जुळ्या भावांची तीन, एलेना कालिस्काची दोन आणि २०१६ साली श्कांतार बंधूंचं एक. हा देश युरोपातला काही धनाढ्य देश नाही. त्यांच्याकडे फुकट वाहणारं पाणी होतं, पाण्याकाठी क्लब होते आणि एका पिढीने पुढच्या पिढीला शिकवलं. मार्तिकानला वडिलांनी घडवलं, होख्शोर्नर भावांनाही वडिलांनीच. ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्सही याच रांगेतली. वडील रिचर्ड फॉक्स विश्वविजेते, आई मिरियम १९९६ची कांस्यविजेती, आणि पॅरिसला २०२४मध्ये जेसिकाने दोन सुवर्णं घेतली, धाकटी बहीण नोएमीने तिसरं. आपल्याकडच्या संगीत घराण्यांची आठवण व्हावी इतकं हे घरोघरचं ज्ञान आहे. अर्थात ज्याच्या घरात ते नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न तिथेच उभा राहतो. त्याला उत्तर एकच मिळतं, क्लब.

ब्रिटनमध्ये स्लॅलमच्या श्रेणी आहेत. चौथ्या श्रेणीपासून सुरुवात करायची, गुण मिळवत वर चढायचं, सगळ्यात वर प्रीमियर. तळच्या श्रेणीत क्लबच्या प्लास्टिकच्या बोटीत बसूनही स्पर्धेत उतरता येतं. गेटवर पंच म्हणून कुणाला बोलावलं जातं? मुलांच्या आईबापांना, क्लबच्या जुन्या खेळाडूंना. हातात पाटी घेऊन काठावर बसायचं, कोणता खांब हलला ते लिहायचं. मानधन नाही, टीए-डीए नाही. २०१६चा रिओचा सुवर्णविजेता जो क्लार्क अशाच एका क्लबातून आला, स्टॅफर्डशायरमधल्या स्टोन नावाच्या लहानशा गावातल्या. तिथली ट्रेंट नदी पाहाल तर म्हणाल, याला काय नदी म्हणायचं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. तालमीत कुणी आपली माती घेऊन येत नाही. हौदा तालमीचा, मुदगल तालमीची, उस्तादही तालमीचा. पोराने लंगोट आणि भूक तेवढी आणायची. कोल्हापुरात कुस्ती गरिबाच्या घरात पोचली ती यामुळे. घरटी एक आखाडा लागला असता तर कुस्तीही आज श्रीमंतांचा खेळ असती. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब मुळेच्या काठावर कित्येक पिढ्या चालला तोही याच रीतीने. विद्यार्थी बदलतात, बोटी राहतात. आणि दत्तू भोकनळ आठवा. चांदवड तालुक्यातला, विहिरी खणणाऱ्या बापाचा मुलगा, दुष्काळी भागातला. पहिल्यांदा पाण्यात उतरायची भीती वाटत होती. सैन्यात गेला, तिथे बोट हाती आली आणि २०१६ साली रिओला रोइंगच्या एकेरीत तेरावा आला. तो सैन्यात गेला नसता तर? महाराष्ट्रात बोटीपर्यंत पोचायचा रस्ता अजूनही बराचसा लष्करी छावणीतून जातो. ही लष्कराची थोरवी आहे आणि बाकीच्या व्यवस्थेची नामुष्की.

या खेळात देश वाढताहेत, असं कौतुकाने सांगतात. ऑलिंपिकमध्ये एका प्रकारात एका देशाला बहुधा एकच जागा मिळते, त्यामुळे झेंड्यांची संख्या चांगली दिसते. २००८ साली बीजिंगला बेंजामिन बुकपेतीने टोगोला इतिहासातलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून दिलं, आणि आनंदाने वल्हं मोडलं. सुंदर क्षण होता. पण बुकपेती जन्मला आणि घडला फ्रान्समध्ये. त्याच्या पदकाने टोगोतल्या किती मुलांच्या हाती वल्हं आलं? झेंडे मोजून सहभाग मोजता येत नाही. सहभाग मोजायचा तर काठावर जाऊन पाहावं लागतं की मंगळवारी, कुठलीही स्पर्धा नसताना, पाण्यात किती पोरं आहेत.

भारतात असं पाहायचं तर महेश्वरला जावं. अहिल्याबाईंचं महेश्वर. घाटापासून थोडं खाली नर्मदा काळ्या खडकांवरून असंख्य धारांनी फुटते, तिला सहस्रधारा म्हणतात. देशातल्या स्लॅलमच्या मोठ्या स्पर्धा तिथे होत आल्यात. २०२३च्या फेब्रुवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धांतला स्लॅलमही तिथेच झाला. काँक्रीट नाही, पंप नाही, निसर्गाने दिलेला मार्ग. आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या स्लॅलम संघात शुभम केवट, हितेश केवट ही नावं दिसली. नावाड्यांच्या समाजातलं हे आडनाव. पाण्याशी ज्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं नातं आहे त्यांच्यातून खेळाडू आले, आणि त्यांना आणण्यासाठी कुणाला लंडनसारखी नदी बांधावी लागली नाही. पदक नाही मिळालं. मिळायला अजून वेळ आहे. पण माझ्या दृष्टीने स्लॅलम भारतीय होऊ शकतो याचा पुरावा महेश्वरने दिला.

मग महाराष्ट्राचं काय?

कोलाडची कुंडलिका आपल्याला राफ्टिंगमुळे ठाऊक आहे. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग, माणशी हजार-दीड हजार रुपये, हेल्मेट, लाइफ जॅकेट, ओरडाआरडा, मोबाइलवर व्हिडिओ. ही नदी उन्हाळ्यातही का खळाळते, हा प्रश्न बोटीत बसणाऱ्याला सहसा पडत नाही. हे पाणी मुळशीचं. मुळा नदी घाटमाथ्यावरून पूर्वेला, भीमेकडे जायची. तिला मुळशीला अडवलं आणि बोगद्यातून, नळांतून सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिऱ्याला आणून तिच्यावर मुंबईची वीज केली. टाटांचं भिऱ्याचं वीजघर १९२७पासून चालू आहे. याच धरणाविरुद्ध १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, पुढे सेनापती बापट त्यात उतरले. जमिनी गेल्या, गावं गेली. शंभर वर्षांनी त्याच पाण्याच्या टाकाऊ भागावर आपण रविवारी किंचाळतो. हे कडवट वाटतं, पण खोटं नाही.

वीज करून झालेलं पाणी सकाळी कुंडलिकेत सुटतं. साजे गावाजवळून राफ्ट पाण्यात घालतात. रॅपिड (नदीतले उसळत्या पाण्याचे टप्पे) दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाच्या, म्हणजे शिकणाऱ्याला घाबरवतील पण मारणार नाहीत अशा. स्लॅलमच्या सरावाला लागतं ते हेच. ऑग्सबुर्गला पाटाने आणलेलं, चुनोवोला बंधाऱ्याने दिलेलं पाणी, तसंच भिऱ्याचं वीजघर कोलाडला देतं, आणि सरकारला त्यासाठी एक पैसा घालावा लागलेला नाही. दोन काठांवर तारा ताणायच्या, प्लास्टिकच्या नळ्यांना पट्टे रंगवून टांगायच्या. सुरुवातीला स्टॉपवॉच चालतं. मी हिशोब मांडून पाहिला. बाजारातल्या साध्या प्लास्टिकच्या दहा कयाक, वल्ही, जॅकेटं, हेल्मेटं, बचावाच्या दोऱ्या, तारा, खांब, एक बंद होणारी शेड, सगळं धरून पंधरा-वीस लाखांत एक क्लब उभा राहावा. एखाद्या तालुका क्रीडा संकुलाच्या कुंपणाला याहून जास्त लागतात. सिंथेटिक ट्रॅकला तर काही कोटी लागतात, आणि पुढे त्यावर कुत्री झोपतात ती वेगळी.

प्लास्टिकच्या बोटीत बसून कुणी विश्वविजेता होणार नाही, असं कुणी म्हणेल. आता तेही तितकंसं खरं राहिलं नाही. पॅरिसला कयाक क्रॉस हा नवा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला. उंच फळीवरून चार जण एकदम पाण्यात उडी घेतात, एकमेकांना धडका देतात, वाटेत एकदा बोट पूर्ण उलटी करून सुलटी करावी लागते. या बोटी प्लास्टिकच्याच असतात, कारण कार्बनच्या बोटीचे पहिल्या धडकेतच तुकडे होतील. जुन्या पिढीतल्या काहींना हा प्रकार सर्कस वाटतो, आणि मला त्यांचं पूर्ण चुकीचं वाटत नाही. स्लॅलमचं सौंदर्य त्याच्या काटेकोरपणात आहे, इथे ढकलाढकली जास्त. पण गरीब देशाला दार उघडं होतंय ते याच प्रकारातून. केरळात कोळिकोडजवळ मलबार रिव्हर फेस्टिव्हलमध्ये चालिपुळासारख्या नद्यांवर कयाकची चढाओढ होते ती भर पावसाळ्यात. सह्याद्रीतल्या नद्यांचा उतार काही त्याहून वेगळा नाही.

आता आक्षेप. पहिला, माणसं बुडतील. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. दर पावसाळ्यात धबधब्यांवर, धरणांवर आपल्याकडे जी तरुण मुलं बुडून मरतात त्यांच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत. पण ती मुलं पोहता न येता, जॅकेट न घालता, दोरी नसताना पाण्यात उतरलेली असतात. क्लबमध्ये पोहण्याची परीक्षा दिल्याशिवाय बोट मिळत नाही. काठावर बुडणाऱ्याकडे फेकायच्या दोरीची पिशवी घेऊन माणूस उभा असल्याशिवाय सराव सुरू होत नाही. पूर आला की बंद म्हणजे बंद. पाण्याशी वागायची शिस्त शिकवणारी जागा तालुक्यात असेल तर बुडणारी मुलं कमी होतील असं मला वाटतं.

दुसरा आक्षेप पालकांचा: याने नोकरी मिळते का? महाराष्ट्रात खेळाडूंना शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळे हा प्रश्न गैर नाही. खेळ ऑलिंपिकमध्ये आहे, आशियाई स्पर्धेत आहे. पण जिल्ह्यात स्पर्धाच भरली नाही तर प्रमाणपत्र कुठून येणार? राफ्टिंगचे गाईड म्हणून आज कोलाडला जे काम करतात, त्यांत स्थानिक पोरं आहेत, नेपाळ-उत्तराखंडातून आलेलीही आहेत. पाणी ओळखणारी, वल्हं धरणारी ही माणसं उद्याचे प्रशिक्षक आहेत. हंगाम सोडून त्यांना महिन्याला ठरलेला पगार मिळाला तर क्लब एका वर्षात उभा राहील. आणि ज्या गावांच्या काठावरून हे पाणी वाहतं त्या कोळी, भोई, कातकरी घरांतल्या मुलामुलींना पहिली जागा. मुलींचं मुद्दाम म्हणतो, कारण स्त्रियांची कॅनो ऑलिंपिकमध्ये आली ती थेट टोकियोच्या वेळी. त्याआधी ऑलिंपिकमधली कॅनो पुरुषांचीच होती. म्हणजे जगात ही रांग अजून लांब झालेली नाही.

तिसरा आक्षेप मला स्वतःलाच छळतो. कुंडलिकेचं हे पाणी कायमचं नाही. मुळशीचं पाणी पुन्हा पूर्वेला, पुण्याकडे आणि भीमेच्या दुष्काळी खोऱ्याकडे वळवा अशी मागणी आहे, आणि तहानलेल्या माणसापुढे गेट टांगण्याचा हट्ट कुणी धरू नये. पण पाणी वळेल तेव्हा वळेल. दहा प्लास्टिकच्या बोटी आणि चार तारा उचलून दुसऱ्या वीजघराच्या पायथ्याशी नेता येतात. काँक्रीटचा मार्ग उचलता येत नाही.

२०३६च्या ऑलिंपिकसाठी भारताने इच्छा कळवली आहे, आणि तो दिवस आलाच तर कुठेतरी शेकडो कोटींचा पंपवाला मार्ग बांधायचा प्रस्ताव नक्की येईल. उद्घाटनाला फीत कापता येते अशा गोष्टींना आपल्याकडे पैसा लवकर मिळतो. तेव्हा लॉस एंजेलिसचं उदाहरण कुणीतरी टेबलावर ठेवावं, ही माझी अपेक्षा.

कोलाडची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती पैशाची नाही. पाणी सकाळी सुटतं, तेव्हा मुलं शाळेत असतात. रविवारी मुलं मोकळी असतात, पण तेव्हा नदी राफ्टनी भरलेली असते. यावर तोडगा बैठकीतच निघेल, आणि त्या बैठकीला वीजघर, पाटबंधारे खातं, राफ्टिंगवाले आणि शाळांचे मुख्याध्यापक एकत्र बसायला हवेत. राफ्टिंगच्या परवान्यातच अट घालता येईल की शेवटची राफ्ट वरच्या टप्प्यातून पुढे गेली की, सोडलेलं पाणी चालू असेतो, तो टप्पा क्लबचा. त्याबदल्यात रविवारी राफ्टवाल्यांना बचावासाठी क्लबची कयाकवाली पोरं मिळतील, पगारावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर शाळेचाही प्रश्न नाही. एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या बाकीच्या नद्या दगड मोजत असतात तेव्हाही इथे पाणी असतं, आणि परीक्षा संपलेली मुलं गावात रिकामी फिरत असतात. जिल्हाधिकाऱ्यांनी ती बैठक जानेवारीत बोलावली तर एप्रिलपर्यंत तारा बांधून होतात.